जुन्या मोटारसायकलसाठी स्पार्क प्लग कसा निवडावा

जुन्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत प्लगचा जो क्रमांक छापलेला असतो, तो बरेचदा आज दुकानात सापडत नाही. लॉज किंवा केएलजी कंपनीचे जुने क्रमांक वितरकाच्या यादीतही नसतात. मग काउंटरवर जुना प्लग ठेवला जातो आणि तसाच दिसणारा एक नवा हाती पडतो. तो आट्यांत बसतो, गाडी सुरूही होते, म्हणून विषय तिथेच मिटल्यासारखा वाटतो. पण हेडमध्ये बसणारा प्लग आणि त्या इंजिनाचा प्लग यांत बराच फरक आहे. चुकीच्या प्लगमुळे पिस्टनला भोक पडू शकते, हेडचे आटे उपटून येऊ शकतात, आणि काहीच मोडले नाही तरी किक मारून मारून पाय दुखतोच.

निवडीचा क्रम ठरलेला आहे. आधी प्लगचे अंग, म्हणजे आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि बैठक. मग उष्णता श्रेणी, त्यानंतर टोकाचा प्रकार, मग रेझिस्टर हवा की नको, आणि शेवटी गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधली फट जिथे ठिणगी पडते. पहिल्या पायरीत तडजोड चालत नाही. पुढच्या पायऱ्यांत इंजिनाची सध्याची अवस्था, हल्लीचे पेट्रोल आणि गाडीवरची इग्निशन पाहून थोडे मागेपुढे करता येते, आणि अनेकदा करावेच लागते.

व्यास आणि आट्यांची लांबी

जुन्या मोटारसायकलींत चार व्यास भेटतात. १४ मिमी सर्वांत जास्त, आट्यांची चाल (लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिमी. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच गाड्यांत, आणि काहींत त्यानंतरही, १८ मिमी, चाल १.५ मिमी. १२ मिमी, चाल १.२५ मिमी, हा व्यास होंडाच्या सीबी७५० सारख्या बहुसिलिंडर जपानी गाड्यांत दिसतो. १० मिमी, चाल १ मिमी, लहान इंजिनांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही अमेरिकी इंजिनांत ७/८ इंचाचे आटेही होते. तशी गाडी असेल तर खास तिच्यासाठी बनवलेला प्लग शोधावा लागतो.

व्यास सहसा चुकत नाही, कारण चुकीचा प्लग बसतच नाही. घोटाळा होतो तो लांबीत. लांबी म्हणजे वॉशर टेकतो त्या बैठकीपासून आटे संपतात तिथपर्यंतचे अंतर. १४ मिमीच्या प्लगांत ९.५, १२.७ आणि १९ मिमी या तीन लांब्या नेहमीच्या आहेत, आणि तिन्ही प्लग एकाच भोकात तितक्याच सहज फिरतात. यामाहाच्या दोन गाड्या पाहा. एअरकूल्ड आरडी३५० ला एनजीकेचा बी८एचएस लागतो, तर नंतरच्या वॉटरकूल्ड आरडी३५० एलसीला बी८ईएस. कंपनी तीच, उष्णता श्रेणी तीच, फरक एका अक्षराचा. पण ‘एच’ म्हणजे १२.७ मिमी आणि ‘ई’ म्हणजे १९ मिमी. जुन्या आरडीत ई चढवला, तर प्लग सहा मिलिमीटरांहून जास्त आत घुसतो.

लांब प्लगने काय होते? पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्यावर आदळला तर नुकसान लगेच दिसते. आदळला नाही तर ज्वलनकक्षात डोकावणारे आटे तापून लाल होतात, आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागतात. शिवाय त्या उघड्या आट्यांवर कार्बन घट्ट बसतो. पुढे प्लग काढताना तो कार्बन हेडचे आटे खरवडत बाहेर येतो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे काम तिथेच संपते.

आखूड प्लगचा त्रास सावकाश कळतो. ठिणगी भोकाच्या आत दडते, मिश्रण नीट पेटत नाही, मंद वेगात फायरिंग मिस होते. हेडचे रिकामे राहिलेले आटे काजळीने भरतात. काही वर्षांनी कोणी योग्य लांबीचा प्लग लावायला जातो, तेव्हा प्लग शेवटी अडकतो, आणि लावणारा जोर लावतो.

म्हणून पुस्तिकेवर किंवा आधीच्या मालकाने लावलेल्या प्लगवर भरवसा न ठेवता हेड मोजा. या गाड्यांच्या हेडमध्ये पन्नास-साठ वर्षांत कोणी बुश घातलेला असतो, कोणी १८ मिमीचे भोक १४ मिमीचे केलेले असते, तर कोणी दुसऱ्याच मॉडेलचे हेड चढवलेले असते. मोजायची रीत अशी:

१. इंजिन थंड असताना प्लगभोवतीची माती हवेने किंवा ब्रशने साफ करा. प्लग अर्धा फेरा सैल करून पुन्हा एकदा साफ करा आणि मग काढा. ही माती सिलिंडरमध्ये गेली तर रिंगा खाते.

२. पातळ तारेच्या टोकाला २ मिमीचा आकडा वाकवा. तो भोकातून आत सोडून आतल्या शेवटच्या आट्याच्या कडेला अडकवा, आणि बाहेरच्या बैठकीपाशी तारेवर खूण करा. ते अंतर व्हर्नियरने मोजा.

३. नव्या प्लगची लांबी वॉशर दाबला गेल्यानंतरची धरा. नवा वॉशर दाबल्यावर पातळ होतो.

४. दोन्ही मापे ताडून बघा. प्लगचे आटे हेडच्या आतल्या कडेशी समपातळीत यायला हवेत, फार तर अर्धा मिलिमीटर आत.

दोन वॉशर एकावर एक घालून लांब प्लग आखूड करू नका. प्लगची बरीचशी उष्णता वॉशर आणि आटे यांच्या वाटेनेच हेडकडे जाते, आणि दुसऱ्या वॉशरने ती वाट अडते.

बैठक दोन प्रकारची असते, वॉशर असलेली सपाट आणि वॉशर नसलेली तिरकी. जुन्या मोटारसायकलींना जवळजवळ नेहमी सपाटच लागते. षटकोनाचे माप, १४ मिमीसाठी बहुधा २०.८ मिमी, पानाच्या सोयीपुरते पाहावे. पण फिन्सच्या खोबणीत बसणाऱ्या प्लगला १६ मिमीचा षटकोन असेल तरच पाना शिरतो, तेव्हा तेही विकत घेण्याआधी बघा. वरचे टर्मिनलही तपासा. जुन्या कॅपला कधी स्क्रूची गोल नट लागते, कधी ती काढून उघडी ४ मिमीची आट्यांची दांडी. नट लावायची असेल तर पक्कडीने हलकेच आवळा. कारखान्यातून ती हाताने फिरवलेली येते, आणि सैल नटमुळे होणारे मिसफायर कार्ब्युरेटरचे समजून लोक दिवसेंदिवस जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे त्यातले बारीक भोक) बदलत बसतात.

उष्णता श्रेणी

प्लगच्या टोकाला दोन मर्यादांच्या मध्ये राहावे लागते. तापमान साधारण ४५० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर काजळी जळून जात नाही. ती इन्सुलेटरवर, म्हणजे मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या सिरॅमिकवर, साचते, वीज तिच्यावरून अंगाकडे निघून जाते आणि ठिणगीच पडत नाही. ८५० अंशांच्या वर इलेक्ट्रोड झपाट्याने झिजतो, आणि ९५० च्या आसपास टोक स्वतःच मिश्रण पेटवू लागते. उष्णता श्रेणी म्हणजे प्लग ही उष्णता किती लवकर हेडकडे सोडतो त्याचे माप. आतल्या सिरॅमिकचे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबची वाट पडते, टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निसटते; हा थंड प्लग. श्रेणीत एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो.

प्लग इंजिनाला गरम किंवा थंड करत नाही. तो फक्त स्वतःचे टोक कोणत्या तापमानाला राखायचे ते ठरवतो. इंजिन तापते म्हणून थंड प्लग लावणाऱ्याने मूळ कारण तसेच ठेवलेले असते: पातळ मिश्रण, पुढे-मागे झालेले ठिणगीचे टायमिंग, हवा ओढणारे इनटेक. जळालेला पिस्टन नंतर तेच सांगतो.

आता आकड्यांचा गोंधळ. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. बी८एचएस हा बी६एचएसपेक्षा थंड. बॉशच्या आजच्या पद्धतीत आणि चॅम्पियनच्या नेहमीच्या प्लगांत उलटे आहे. आकडा वाढला की प्लग गरम, म्हणून डब्ल्यू७एसी हा डब्ल्यू५एसीपेक्षा गरम आणि एल८६सी हा एल८२सीपेक्षा गरम. त्यातही बॉशचे जुने क्रमांक आजच्या उलट चालतात. डब्ल्यू१७५ पेक्षा डब्ल्यू२४० थंड. बीएमडब्ल्यूच्या आर६०ला डब्ल्यू२४०टी१ आणि जास्त ताकदीच्या आर६९एसला डब्ल्यू२६०टी१ सांगितलेला आहे, त्यावरून दिशा स्पष्ट होते. टी१ म्हणजे १२.७ मिमी लांबी, टी२ म्हणजे १९. अशी जुनी पुस्तिका समोर असेल तर आकडा कोणत्या काळातला आहे हे आधी ठरवा, नाहीतर एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला दुप्पट होते.

दोन जोड्या लक्षात ठेवल्या की पुष्कळ जुन्या गाड्यांचे भागते. १४ मिमी व्यास, १२.७ मिमी लांबी: एनजीके बी६एचएस, बॉश डब्ल्यू७एसी, चॅम्पियन एल८६सी, डेन्सो डब्ल्यू२०एफएस-यू. बॉशचा जुना डब्ल्यू१७५टी१ याच गटातला. १४ मिमी व्यास, १९ मिमी लांबी, पुढे आलेले नाक: एनजीके बीपी६ईएस, बॉश डब्ल्यू७डीसी, चॅम्पियन एन९वायसी, डेन्सो डब्ल्यू२०ईपी-यू. इथून एक पायरी थंड म्हणजे एनजीकेत ७, डेन्सोत २२. दोन पायऱ्या म्हणजे ८ आणि २४. एका कंपनीची पायरी दुसऱ्या कंपनीच्या पायरीशी काटेकोर जुळत नाही. तुलनातक्ता सुरुवात करण्यापुरताच वापरावा, आणि एकदा एका कंपनीचा प्लग पसंत केला की पुढचे बदल त्याच कंपनीत करावेत.

पुस्तिकाच नसेल तर सुरुवात कुठून करावी? एनजीकेच्या आकड्यांत सांगायचे तर कमी कॉम्प्रेशनच्या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनाला ५ किंवा ६. साध्या वापराच्या ओव्हरहेड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) सिंगलला ६ किंवा ७. जास्त कॉम्प्रेशनच्या ट्विनला ७ किंवा ८. एअरकूल्ड टू-स्ट्रोकला ७ किंवा ८. शंका असेल तेव्हा थंड बाजूने सुरुवात करा. थंड प्लग जास्तीत जास्त काळा पडून बंद होईल आणि तुम्हाला रस्त्यात थांबवेल. गरम प्लग चुकला तर पिस्टन जातो.

जुन्या शिफारशीला आजच्या पेट्रोलची दुरुस्तीही लागते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये वजनाने सुमारे ३.५ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे कार्ब्युरेटर न बदलता मिश्रण तितके पातळ होते आणि टोक जास्त तापते. यावर इलाज जेटचा आहे. मुख्य जेट एक-दोन मापांनी मोठा केल्यावरही प्लग पांढरा दिसला, तरच एक पायरी थंड प्लगाचा विचार करा. उलट बाजूने, जी गाडी महिन्यातून दोनदा निघते आणि गल्लीबोळांतच फिरते, तिला कारखान्याने सांगितलेल्या श्रेणीपेक्षा एक पायरी गरम प्लग अनेकदा मानवतो. मात्र तोच प्लग ठेवून तिला लांबच्या भरधाव प्रवासाला नेऊ नका.

प्लग वाचून श्रेणी पक्की करणे

जुन्या पुस्तकांतले रंगांचे तक्ते शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहेत. तेव्हाचा तांबूस-तपकिरी रंग शिशाच्या थरामुळेही येत असे. आजच्या पेट्रोलवर निरोगी प्लग फिकट दिसतो, फिक्या चहापासून राखाडी-पांढऱ्यापर्यंत. तपकिरी रंग आणण्याच्या हट्टाने जेट वाढवत गेलात तर मिश्रण जाड होऊन बसेल.

श्रेणी आणि मिश्रण प्लगवर वेगवेगळ्या जागी दिसतात. श्रेणीसाठी बाजूचा वाकलेला इलेक्ट्रोड बघा. त्यावर तापल्याने रंग बदललेली एक सीमा असते. ती वळणाच्या जवळ असेल तर श्रेणी बरोबर. जोडाकडे, म्हणजे प्लगच्या अंगापर्यंत सरकलेली असेल तर प्लग फार गरम. अगदी टोकापाशीच थांबली असेल तर फार थंड. मिश्रणासाठी इन्सुलेटरच्या तळाशी, आत खोल दिसणारे काजळीचे वलय पाहावे. त्याला भिंग आणि बारीक टॉर्च लागतो.

एकूण तापमानाचा अंदाज यायला नव्या प्लगवर नेहमीच्या वेगात पंधरा-वीस किलोमीटर तरी व्हायला हवेत. मुख्य जेट तपासायचा असेल तर रिकाम्या, सरळ आणि सुरक्षित रस्त्यावर इंजिन पूर्ण तापवा, वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दहाएक सेकंद धरा, आणि थ्रॉटल सोडण्याआधीच इग्निशन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबा. गाडी तशीच घरंगळत थांबू द्या आणि तिथेच प्लग काढा. आयडलवर घरापर्यंत आणलेला प्लग फक्त आयडलचे मिश्रण दाखवतो, आणि बहुतेक चुकीचे निष्कर्ष अशाच प्लगवरून काढले जातात.

काही चिन्हे ओळखता यायला हवीत. कोरडी, मऊ काजळी म्हणजे जाड मिश्रण, अडलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, कमजोर ठिणगी, किंवा खरोखरच थंड प्लग. ओला, तेलकट काळा थर फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे बोट दाखवतो, टू-स्ट्रोकमध्ये जास्त तेलाकडे किंवा गिअरबॉक्सच्या बाजूच्या क्रँक सीलकडे. गरम प्लग लावून हे थोडे दिवस झाकता येते, पण इंजिन तेल पीतच राहते. पांढरे, फोड आलेले इन्सुलेटर म्हणजे जास्त उष्णता. आणि इन्सुलेटरवर चमकदार बारीक कण दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. तिथून पुढे गाडी चालवू नका. टायमिंग, मिश्रण आणि हवेची गळती तपासल्याशिवाय किक मारू नका.

टोकाचा प्रकार आणि धातू

पुढे आलेल्या नाकाचा प्लग (एनजीकेत ‘पी’, चॅम्पियनमध्ये ‘वाय’) मंद वेगात लवकर तापतो आणि जास्त वेगात आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाने थंड होतो. त्याचा पल्ला त्यामुळे रुंद असतो, आणि काळ्या पडणाऱ्या फोर-स्ट्रोकला तो खरोखर उपयोगी पडतो. पण मूळ इंजिन त्यासाठी नसेल तर आधी जागा मोजा. प्लगच्या टोकावर प्लास्टिसिनचा गोळा लावा, प्लग बसवा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, काढून उरलेली जाडी मोजा. २ मिमीपेक्षा कमी उरली तर तो प्लग वापरू नका. साइड-व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह आणि स्क्विश (पिस्टन वर आल्यावर हेडच्या कडेशी उरणारी अरुंद फट) असलेल्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन, या दोन ठिकाणी विशेष काळजी घ्या.

साध्या निकेल टोकाचा मधला इलेक्ट्रोड सुमारे २.५ मिमी जाड असतो, एनजीके इरिडियमचा ०.६ मिमी, डेन्सोच्या इरिडियम पॉवरचा ०.४ मिमी. बारीक टोकाला ठिणगीसाठी कमी व्होल्टेज पुरते, म्हणून कमजोर मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) गाडीत सुरू होण्यात फरक जाणवतो. तरीही जेटिंग आणि तेलाचे प्रश्न सुटेपर्यंत साधा प्लगच बरा. तो वाचायला सोपा आणि बदलायला स्वस्त असतो, तर इरिडियमचे नाजूक टोक घासून साफ करता येत नाही. गाडी नीट चालू लागल्यावर इरिडियम लावा.

रेझिस्टर, कॅप आणि वायर

एनजीकेच्या क्रमांकातला ‘आर’ म्हणजे आत सुमारे ५ किलो-ओहमचा रेझिस्टर. रेडिओतला खरखराट थांबवणे हे त्याचे काम, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या सर्किटला त्रास होऊ न देणे हेही. पॉइंट्स (ठिणगीच्या वेळी सर्किट तोडणारे संपर्क) आणि कॉइल किंवा मॅग्नेटो असलेल्या मूळ गाडीला तो लागत नाही. चांगल्या अवस्थेतला मॅग्नेटो त्याला सहज पेलतो, पण चुंबक कमजोर झालेल्या मॅग्नेटोला किकच्या वेगात तो जड जातो.

नेमके किती ओहम हे मल्टिमीटरने पाहा. कॅपच्या दोन टोकांत मोजा, प्लगच्या टर्मिनलपासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजा, वायर मोजा. बऱ्याच गाड्यांत ५ किलो-ओहमची कॅप, त्यात रेझिस्टर प्लग आणि वर कारची कार्बन वायर असे तिन्ही एकदम सापडते. रेझिस्टर एकाच जागी ठेवा: तांब्याची वायर, साधा प्लग, ५ किलो-ओहमची कॅप. जुन्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवली असेल तर तिच्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलेलेच पाळा. आणि अशा गाडीत प्लगची वायर मोकळी ठेवून कधीही किक मारू नका, प्लग हेडला नीट टेकलेला असू द्या. मोकळ्या वायरने मॉड्यूल किंवा कॉइल जाते.

गॅप

पाकिटातून निघालेला प्लग तुमच्या गाडीच्या गॅपवर नसतो. ०.७ ते ०.९ मिमीवर आलेला प्लग जसाच्या तसा मॅग्नेटोवर चढवणे, हे गाडी सुरू न होण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. मॅग्नेटोचा वेग किकवर अवलंबून असतो. वेग कमी तर व्होल्टेज कमी, आणि गॅप मोठी तर लागणारे व्होल्टेज जास्त. मॅग्नेटोला ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. ६ व्होल्ट कॉइल-पॉइंट्सला ०.५ ते ०.६, १२ व्होल्टला ०.६ ते ०.७. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे, बहुधा ०.७ च्या पुढे.

फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवा. मधल्या इलेक्ट्रोडचा आधार घेऊन तरफ लावली तर सिरॅमिकला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. वापरलेल्या प्लगवर बाजूच्या इलेक्ट्रोडला खळगा पडलेला असतो आणि सपाट फीलर गेज त्या खळग्यावरून जातो, म्हणजे खरी गॅप दाखवलेल्यापेक्षा मोठी असते. तिथे तारेचा गेज वापरा. गाडी वापरात असेल तर दर ३,००० किलोमीटरला गॅप पाहावी.

ठिणगीची दिशाही महत्त्वाची आहे. तापलेल्या मधल्या इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन सहज निघतात, म्हणून तो ऋण असेल तर कमी व्होल्टेज पुरते. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेली) ब्रिटिश गाडी निगेटिव्ह अर्थ केली आणि कॉइलच्या दोन बारीक वायरी तशाच ठेवल्या, तर दिशा उलटते आणि थंडीत सुरू होणे अवघड होते. त्या वायरींची अदलाबदल केली की पुरते. ल्युकास के२एफसारख्या फिरत्या आर्मेचरच्या (गुंडाळीच्या) मॅग्नेटोत मात्र दोन सिलिंडरांना उलटसुलट दिशेच्याच ठिणग्या मिळतात. तिथे एका प्लगचा मधला आणि दुसऱ्याचा बाजूचा इलेक्ट्रोड जास्त झिजतो, त्यामुळे प्रत्येक तपासणीला डावा-उजवा प्लग अदलून लावावा.

बसवणे

इंजिन थंड हवे. प्लग पहिले काही फेरे फक्त बोटांनी फिरवा; जागा अडचणीची असेल तर टर्मिनलवर रबरी नळीचा तुकडा चढवून. वाकडा धरला गेला तर नळी नुसती सरकते, आटे कापले जात नाहीत. शेवटपर्यंत बोटांनी गेला नाही तर आटे साफ करा, पाना लावू नका.

ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमी प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १८ मिमीला ३५ ते ४०, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. ओतीव लोखंडी हेडमध्ये वरची मर्यादा थोडी वाढते, १४ मिमीसाठी ३५ पर्यंत. टॉर्क रेंच नसेल तर नवा १४ मिमी प्लग बोटांनी टेकवून अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळा. वॉशर आधीच दाबलेला असेल तर एक-बारांश फेरा पुरे. सैल प्लगही धोक्याचा असतो: बैठक घट्ट नसल्याने उष्णता हेडकडे जात नाही, आणि श्रेणी बरोबर असूनही टोक जास्त तापते.

आजच्या मुलामा दिलेल्या प्लगांना अँटी-सीझ (आटे घट्ट चिकटू नयेत म्हणून लावायचे वंगण) लागत नाही. जुना, मुलामा नसलेला प्लग लावत असाल तर वरच्या दोन-तीन आट्यांना पुसटसे लावा, आणि टॉर्क साधारण ३० टक्के कमी करा. निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क म्हणजे प्रत्यक्षात जास्त ताण.

हेडचे आटे गेले असतील तर इन्सर्ट (नवे आटे असलेली धातूची बाही) टाकून घ्या, शक्यतो हेड उतरवून. इन्सर्टची लांबी प्लगच्या लांबीशी जुळली पाहिजे आणि तो ज्वलनकक्षात डोकावता कामा नये. काम झाल्यावर तारेच्या आकड्याने पुन्हा मोजा.

जुना साठा, नकली माल आणि साफसफाई

जुन्या डब्यातला, न वापरलेला प्लग दिसायला सुंदर असतो, आणि प्रदर्शनातल्या गाडीवर तो शोभतो. चालवायच्या गाडीत तो परीक्षेशिवाय लावू नका. टर्मिनल आणि अंग यांच्यात मल्टिमीटरवर पूर्ण ओपन सर्किट दिसले पाहिजे. त्यातही मल्टिमीटरचे व्होल्टेज फार कमी असल्याने मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारे मीटर) मिळाला तर त्याने तपासणे जास्त खात्रीचे. उघडून सुटे करता येणाऱ्या जुन्या प्लगांत आतले सील सुकलेले असते आणि दाबाखाली वायू गळतो. चालू इंजिनावर सिरॅमिकच्या मुळाशी साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात.

नकली प्लग आजचा मोठा प्रश्न आहे, कारण पाकीट अचूक असते आणि आत श्रेणीचा पत्ता नसतो. मधला इलेक्ट्रोड केंद्रात आहे का, बाजूच्या इलेक्ट्रोडचा जोड सरळ आणि स्वच्छ आहे का, आटे गुळगुळीत आहेत का, वॉशर हाताने निखळून पडतो का, सिरॅमिकवरची छपाई नखाने पुसली जाते का, हे पाहा. ‘आर’ लिहिलेल्या प्लगवर ५ किलो-ओहमच्या आसपास न दिसता शून्य दिसले तर तो खोटा.

ओला झालेला प्लग कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन हवेने वाळवा. पोलादी ब्रशने इन्सुलेटर घासू नका. धातूचे ओरखडे तिथेच राहतात आणि वीज त्यांच्यावरून पळते. ज्योतीवर लाल करून साफ करण्याची जुनी सवयही सोडावी, असमान तापल्याने सिरॅमिक तडकते. वाळूच्या यंत्रात साफ केलेल्या प्लगमध्ये एखादा कण अडकून राहिला तर तो सिलिंडरमध्ये जातो. साध्या प्लगची किंमत पाहता हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

टू-स्ट्रोक गाडीवर एक जादा संच कायम जवळ ठेवा. गॅप आधीच लावलेली, टर्मिनलची नट आवळलेली, टोकावर पुठ्ठ्याची नळी, आणि सोबत त्या गाडीच्या फिन्समध्ये खरोखर शिरणारा पाना. संचावर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर आट्यांची मोजलेली लांबी, श्रेणी आणि गॅप लिहा, म्हणजे अनोळखी दुकानात बदली प्लग घेताना नमुना शोधत बसावे लागत नाही.